बेंड पाइपला पट्टी गुंडाळावी का? उष्णतेचा एक हिशेब



मागच्या व्याख्यानात आपण इंजिनाच्या आत होतो. पेट्रोल जळतं कसं, पिस्टन ढकलला जातो कसा, ते पाहिलं. आज आपण धुराबरोबर इंजिनाच्या बाहेर पडणार आहोत. त्याला कारण म्हणजे मागच्या वेळी आलेल्या चिठ्ठ्या. त्यातल्या चार-पाच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता: मोटारसायकलच्या बेंड पाइपला ती कापडासारखी पट्टी गुंडाळतात, ती गुंडाळावी की नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची तीन कारणं असतात. कुणाला ते रूप आवडतं. जुन्या फटफटीला पट्टी गुंडाळली की ती रेसच्या गाडीसारखी दिसते. कुणाची ट्रॅफिकमध्ये नडगी भाजते. आणि कुणाला वाटतं की पट्टीनं गाडीची ताकद वाढते. रुपाबद्दल आम्ही बोलणार नाही, ती ज्याची त्याची आवड. बाकीच्या दोन कारणांबद्दल मात्र बोलता येईल. त्यासाठी आधी हिशेब मांडू.

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश भागच कामाला येतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन दोन वाटांनी जाते. काही सिलिंडरच्या पंख्यांतून आणि ऑइलमधून हवेत जाते, आणि जवळजवळ तेवढीच धुरातून बाहेर पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा बाहेर येणारा वायू गाडीवर किती भार आहे त्यानुसार साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. हा वायू ज्या नळीत पहिल्यांदा शिरतो ती आपला बेंड पाइप. घाट चढताना हेडजवळ तिचा पत्रा ३०० ते ५०० अंशांपर्यंत सहज तापतो.

आता ही उष्णता पाइपमधून बाहेर कशी येते? शाळेत आपण तीन शब्द शिकलो होतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. पाइपच्या पत्र्यातून उष्णता बाहेरच्या पृष्ठभागावर येते, ते वहन. गाडी पळत असताना वारा ती घेऊन जातो, ते अभिसरण. आणि सिग्नलला उभे असताना, पाइपला हात न लावताही पायाला जी धग जाणवते, ते मुख्यतः प्रारण.

प्रारणाची एक गंमत आहे. ते तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं, आणि तापमान मोजायचं निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्व्हिनमध्ये. २०० अंश सेल्सियस म्हणजे ४७३ केल्व्हिन, ४०० अंश म्हणजे ६७३ केल्व्हिन. भागाकार करून चौथा घात काढा. उत्तर येतं सुमारे ४. पाइप दुप्पट तापलेला दिसतो, पण तो टाकत असलेली धग चौपट झालेली असते. म्हणून घाट चढून आल्या आल्या गाडी थांबवली की नडगीला एकदम आच लागते. वारा थांबलेला, आणि पाइप पुरता तापलेला.

अशा वेळी पट्टी काय करते? स्वयंपाकघरात जाऊ. गरम पातेलं उचलायला सांडशी सापडली नाही, तर आपण फडकं घेतो. फडक्याच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाइपवरची पट्टीही तशीच. ती काचेच्या बारीक तंतूंची विणलेली असते, नाहीतर बसॉल्टच्या तंतूंची. बसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा आहे तोच खडक. तो भट्टीत वितळवून त्याचे धागे ओढतात. काचतंतूच्या साध्या पट्टीच्या पाकिटावर बहुधा ५४० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, बसॉल्टच्या पट्टीवर त्याहून बरीच जास्त.

धागे आणि त्यांत अडकलेली हवा. त्यामुळे पट्टीचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पत्र्यापेक्षा खूपच कमी तापतो, आणि चौथ्या घाताच्या नियमामुळे धग त्याहूनही कमी होते. नडगीला आराम मिळतो, हे खरं आहे. त्यात फसवणूक नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पट्टी गार नसते. तिला हात टेकवला तर भाजेलच.

आता खरा प्रश्न. नडगीकडे न आलेली ती उष्णता गेली कुठे? ती नाहीशी होत नाही. वायूनं ती पाइपच्या भिंतीला दिली नाही, म्हणजे वायू ती स्वतःजवळ ठेवून पुढे निघाला. पुढे काय आहे? सायलेन्सर. आणि सायलेन्सरच्या शेजारी काय आहे? मागे बसणाऱ्याची पोटरी. एवढं वाक्य आज घरी घेऊन गेलात तरी आमचं काम झालं.

ताकदीकडे वळू. पट्टीचा जन्म शर्यतीच्या जगातला. तिथला तर्क असा: वायू गरम राहिला तर त्याचा वेग टिकतो, सिलिंडर नीट रिकामा होतो. यात तथ्य आहे, पण किती, ते बघा. पाइपमधून दाबाच्या लाटा ध्वनीच्या वेगानं जातात आणि परत येतात. ही परतीची लाट ठरावीक आरपीएमला बरोबर वेळेवर पोचावी अशा बेतानं पाइपची लांबी ठरवलेली असते. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा पट्टीमुळे वायू ६०० ऐवजी ७०० अंशांवर राहिला. ८७३ केल्व्हिनचे ९७३ झाले. वर्गमूळ काढलं तर वेग साडेपाच टक्क्यांनी वाढला. म्हणजे ६००० आरपीएमला जुळणारी लाट आता ६३०० च्या आसपास जुळेल. ताकद वाढली असं नाही, ती थोडी वरच्या आरपीएमकडे सरकली. बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला वरचे आरपीएम क्वचितच लागतात.

पट्टीचा आणखी एक फायदा मोटारगाड्यांत दिसतो. तिथे तापलेले पाइप बॉनेटखाली कोंडलेले असतात आणि इंजिन तिथलीच गरम हवा ओढण्याची भीती असते. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी. टर्बो असेल तर गरम वायूवरच त्याचं चाक फिरतं. मोटारसायकलचा बेंड पाइप मात्र पुढे उघड्या वाऱ्यात असतो. पूर्ण फेअरिंगची गाडी सोडली, तर हा फायदा आपल्या वाट्याला फारसा येत नाही.

शर्यतीच्या संघाचं गणितही वेगळं असतं. त्यांच्यासाठी पाइप म्हणजे टायरसारखी झिजायची वस्तू. खराब झाला, बदलला. आपण मात्र तोच पाइप दहा-बारा पावसाळे वापरणार. तेव्हा आता पाइपच्या बाजूनं विचार करू.

उघडा पाइप आतून तापतो आणि बाहेरून वारा खातो. त्यामुळे त्याचा पत्रा वायूपेक्षा बराच गार राहतो. पट्टी गुंडाळली की पत्र्याचं तापमान वायूच्या तापमानाकडे सरकतं. थंडीतलं पांघरूण उन्हाळ्यात घातल्यासारखं. साधं पोलाद साडेपाचशे अंशांच्या वर गेलं की त्यावर भराभर पापुद्रे धरतात. स्टेनलेस स्टीलचं दुखणं निराळं. साध्या प्रकारचं स्टेनलेस ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार काळ राहिलं, तर त्यातलं क्रोमियम कार्बनशी संयोग पावून धातूच्या कणांच्या सीमांवर जमतं. ज्या क्रोमियममुळे ते गंजत नाही, तेच तिथे कमी पडतं. मग भेगा पडतात, आणि त्या बहुधा वेल्डिंगच्या शेजारी.

शिवाय पाइप तापला की लांब होतो. १ मीटर लांबीचा पाइप ४०० अंशांनी तापला, तर साधं पोलाद जवळजवळ ५ मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस ७ मिलिमीटरच्या आसपास. ही ओढाताण हेडवरचे स्टड, फ्लँज आणि पाइपचे टाके सोसतात. पत्रा जास्त तापला की ओढाताणही वाढते.

आता पाणी. पुन्हा स्वयंपाकघरात या. तेच फडकं ओलं असेल तर? हातात घेताक्षणी चटका बसतो. आपल्या आजीला हे भौतिकशास्त्र न शिकता माहीत होतं. हवेच्या जागी पाणी शिरलं, आणि पाणी हे स्थिर हवेपेक्षा विसाहून अधिक पटींनी चांगलं वाहक आहे. पावसात भिजलेली पट्टी वाळेपर्यंत धड रोधकही राहत नाही. आणि गाडी उभी केल्यावर, पाइप निवाल्यावर, ती पाण्याचा बोळा होऊन पत्र्याला चिकटून राहते. उघड्या पाइपवरचं पाणी निथळतं, वाऱ्यानं वाळतं. पट्टीखालचं पाणी रात्रभर मुरतं.

आतूनही पाणी असतंच, बरं का. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. आश्चर्य वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी मिळून पाणीच बनवतो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडतात ते हेच. म्हणजे पाइपवर आतून पाण्याचा मारा आधीच होता, पट्टीनं बाहेरूनही तो सुरू केला. आणि किनाऱ्यावर, मुंबई, कोकण, गोवा, इथे त्या पाण्यात मीठ असतं. गाडी तापवून पट्टी वाळवता येते. पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं आणि दर पावसाला वाढत जातं. खारं पाणी, ताण आणि उष्णता एकत्र आले की स्टेनलेसलाही चिरा पडतात.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्याकडे एक जुनी, एका सिलिंडरची गाडी आहे आणि घर खाडीकाठी. नडगी भाजते म्हणून आम्ही पट्टी गुंडाळली. आराम खरोखर पडला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांची भाची मागे बसली होती. आम्ही दारात गाडी थांबवली आणि तिला म्हणालो, "उतर गं." ती उजव्या बाजूनं उतरली. पोटरी सायलेन्सरला टेकली. दोन रुपयांच्या नाण्याएवढा डाग तिच्या पायावर अजून आहे.

हे पट्टीमुळेच झालं, असं आम्ही म्हणणार नाही. सायलेन्सर पट्टीशिवायही भाजतो, आपल्यापैकी कितीजणांच्या पोटरीवर ती खूण असेल. ७० अंशांच्या धातूला सेकंदभर कातडी टेकली तरी पुरते. पण एक गोष्ट आम्हांला तेव्हा कळली. पूर्वी आमची नडगी हा आमचा तापमापक होता. ती भाजत होती तेव्हा आम्ही मागच्याला दर वेळी सांगायचो, "डावीकडून उतर, पाइप तापलाय." नडगी गार राहू लागली आणि आम्ही सांगायचं विसरलो.

त्या दिवशी संध्याकाळी पट्टी काढायला घेतली. ती सोलावी लागली, गंजाच्या खपल्यांसकट. बेंडच्या खालच्या वळणाला, जिथे पाणी साचतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. दोन पावसाळे ते भोक पट्टीखाली वाढत होतं आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. पट्टीचं हेही एक नुकसान मांडून ठेवा: ती पाइप दिसू देत नाही.

आणखी दोन धोके थोडक्यात. पहिला आगीचा. ऑइलची गळती असलेल्या इंजिनाखाली पट्टी म्हणजे दिव्याची वात. उघड्या पाइपवर ऑइलचा थेंब पडला तर धूर होऊन जातो, पट्टी तो शोषून साठवते. गळती असेल तर पट्टीचा विचारही नको. दुसरा धोका नव्या गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. त्या गाड्यांच्या पाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर आधीच तापून काम करतो. त्यावर पांघरूण घातलं आणि एखाद्या दिवशी प्लगनं दगा देऊन न जळलेलं पेट्रोल तिथे पोचलं, तर तो आतून जळून निकामी होऊ शकतो. सेन्सर आणि कन्व्हर्टर यांवर पट्टी कधीही नको. वॉरंटीची पुस्तिकाही आधी वाचा.

मग नडगीचं काय करायचं? आधी पाइप एवढा का तापतो ते शोधा. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडत असेल, ठिणगी उशिरा पडत असेल, तर पाइप नको तितका तापतो. रात्री तो लालसर दिसत असेल तर ते पट्टीचं काम नाही, मेकॅनिकचं आहे. पाइप मुळातच दुपदरी आहे का तेही बघा. काही गाड्यांत तसा असतो, आणि तिथे पट्टीनं फारसं काही साधत नाही.

सगळं ठीक असूनही पाय भाजतो, तर पहिला उपाय जाळीचा पत्रा. पाइपपासून बोटभर अंतरावर बसवलेलं कवच. ते प्रारण अडवतं, आणि मधल्या फटीतून वारा खेळता राहतो. पाणी साचत नाही, पाइप दिसत राहतो. तेच कवच सायलेन्सरवरही बसवता येतं, म्हणजे मागच्याची पोटरीही वाचते. दुसरा उपाय सिरॅमिकचा लेप. जाणकाराकडून, पाइप काढून करून घ्यावा लागतो आणि पट्टीपेक्षा महाग पडतो, पण तो धातूला एकजीव चिकटतो, पाणी धरत नाही. तिसरा उपाय सगळ्यांत स्वस्त: जाड पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट.

एवढं ऐकूनही ज्यांना पट्टी लावायचीच आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. गाडी कोरड्या मुलखात चालणारी असावी, पाइप शक्यतो स्टेनलेसचा, गळती शून्य. पाइप गार असताना काढा, घासून स्वच्छ करा. हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. काचेचे तंतू कातडीत शिरले की दोन दिवस खाज थांबत नाही. जुन्या सामानात ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पट्टी सापडली, तर ती अजिबात वापरू नका. तिचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो.

पट्टी किती लागेल? पाइप बाहेरून ३८ मिलिमीटर जाड, पट्टी ५० मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक वेढा मागच्यावर ६ मिलिमीटर चढवायचा, असं धरू. प्रत्येक वेढ्याला आपण ४४ मिलिमीटर पुढे जातो. १ मीटर पाइपला २३ वेढे. एका वेढ्याला सुमारे १२७ मिलिमीटर पट्टी. म्हणजे मीटरभर पाइपला ३ मीटर पट्टी. वर थोडी जास्तीची घ्या. दुहेरी थर देऊ नका, पाइपचा ताप आणखी वाढेल.

सुरुवात खालून, सायलेन्सरच्या टोकाकडून करा आणि हेडकडे चढत जा. का? कौलं आठवा. कौलं आपण वळचणीपासून आढ्याकडे लावत जातो. वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाऊस निथळतो. पट्टीचंही तसंच. उलट गुंडाळली तर प्रत्येक घडी पाणी झेलणारी पन्हळ होते. दोन्ही टोकं स्टेनलेसच्या पट्ट्यांनी आवळा. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा धूर निघेल, वास येईल. घाबरू नका, पण हे काम उघड्यावर करा. आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर निदान खालच्या वळणाची पट्टी सोडून पाइप बघा.

आता समोर आलेल्या चिठ्ठ्या. एकांनी विचारलंय, पट्टीनं मायलेज वाढतं का? आतापर्यंतच्या हिशेबात मायलेज वाढायला काही कारण सापडलं का? आम्हांला नाही सापडलं. टायरची हवा आणि साखळीचं ऑइल बघा, तिथे जास्त मिळेल.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची आहे. त्या विचारतात, सायलेन्सरनं भाजलं तर लगेच काय करायचं? उत्तम प्रश्न. भाजलेली जागा साध्या गार पाण्याच्या वाहत्या धारेखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. फोड फोडू नका. जागा मोठी असेल, कातडी पांढरी पडली असेल किंवा मूल लहान असेल, तर डॉक्टरांकडे जा. भाचीच्या पायावर आम्ही घाबरून आधी टूथपेस्ट लावली होती, ती डॉक्टरांना धुऊन काढावी लागली. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तर मंडळी, पट्टी गुंडाळण्याआधी गाडीवर स्वतःच बसून विचार करू नका. गाडी स्टँडवर लावा, मागच्या सीटवर बसा, आणि आपला पाय कुठे येतो ते बघा. मग ठरवा.

पुढच्या वेळी आपण सायलेन्सरच्या आत शिरू आणि आवाज कसा दाबला जातो ते पाहू.